वाफेच्या वाटेतील हवा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते या शाळेत विज्ञान शिकवीत असत. मी मात्र आयुष्यभर मराठी शिकविले. त्यामुळे मला निमंत्रण देताना संतसाहित्यावर किंवा सीमाभागातील मराठीवर मी बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. मी विषय कळविला तेव्हा चिटणीसांचा दूरध्वनी आला आणि शीर्षकात काही लेखनदोष तर राहिलेला नाही ना, अशी त्यांनी अतिशय सौजन्याने विचारणा केली. लेखनदोष नव्हता. सरांचे एक जुने देणे माझ्याकडे बाकी आहे आणि ते फेडावयाचे तर याच विषयावर बोलणे भाग होते.

१९६४ साली मी नववीत होतो. त्या दिवशी वर्गात हवेच्या दाबाचा प्रयोग होता. फिरकीचे झाकण असलेला, वंगणतेलाचा एक रिकामा डबा सरांनी स्वच्छ धुऊन आणला होता. त्यात पेलाभर पाणी घालून तो स्टोव्हवर ठेवावयाचा. पाणी उकळून वाफ जोराने बाहेर पडू लागली, की स्टोव्ह विझवून झाकण घट्ट बसवावयाचे आणि डब्यावर गार पाणी ओतावयाचे, असा क्रम ठरला होता. झाकण बसविण्याचा मान माझ्याकडे आला. वाफेची पहिली रेघ दिसताच मी ‘झाले, सर’ म्हणून ओरडलो, स्टोव्ह विझविला आणि झाकण पिळून बसविले. सरांनी वरून पाणी ओतले. काहीच घडले नाही. थोड्या वेळाने डब्याची एक बाजू हळूहळू, जणू नाइलाजाने, जराशी आत गेली. वर्ग हसला.

सर रागावले नाहीत. झाकण काढून त्यांनी पाणी पुन्हा उकळत ठेवले आणि या खेपेस चांगली पाच मिनिटे वाफ वाहू दिली. मग झाकण, मग गार पाणी. आणि पाणी पडते न पडते तोच मोठा आवाज करून तो डबा कागदासारखा चुरगळला.

‘पहिल्या वेळी आत हवा राहिली होती,’ सर म्हणाले, ‘वाफेचे पाणी झाले, पण हवेचे काही पाणी होत नाही. ती आतून रेटत राहिली, म्हणून डबा पुरता चेपला नाही.’ माझे समाधान झाले. मागच्या बाकावरील एका मित्राचे झाले नाही. तो म्हणाला, ‘सर, हवा राहिली म्हणून डबा कमी चेपला, हे पटले. पण जेवढा चेपला, तेवढा तरी झटकन का चेपला नाही? आतली वाफ तीच, वरचे पाणीही तितकेच गार. मग तिचे पाणी व्हायला इतका वेळ का लागला?’

सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘बाळा, याचे उत्तर मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाला पुढे सापडले, तर मला येऊन सांगा.’

पुढे मी प्राध्यापक असताना साखर कारखान्यातील कामगारांसाठी तयार होत असलेल्या एका मराठी पुस्तिकेची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे आले. तीत एक वाक्य होते : असंघननीय वायूंचे निष्कासन अविरत चालू ठेवावे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि कुलूप घातलेल्या पेटीसारखे बंद होते. त्याचा अर्थ विचारावयास मी एका अभियंत्याकडे गेलो. त्याने जे समजावून दिले, त्यात त्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर होते. तोवर सर निवृत्त होऊन गावी राहावयास गेले होते. जाऊ जाऊ म्हणता माझे जाणे राहून गेले, आणि मग सरच राहिले नाहीत. आज ते उत्तर मी आपणासमोर ठेवीत आहे.

दोन शब्द, शब्दांविषयी

पेशाने मराठीचा असल्यामुळे आरंभ शब्दांपासून करतो. वाफेचे पाणी होणे, या क्रियेला आपल्या शालेय पुस्तकांत कोठे ‘संघनन’ म्हटले आहे, भूगोलात ‘सांद्रीभवन’ आणि अन्यत्र ‘द्रवीभवन’. ‘संघनन’ शब्दातील ‘घन’ पाहून विद्यार्थ्याला वाटते की वाफेचे दगडासारखे काहीतरी होत असावे. वस्तुतः संस्कृतात ‘घन’ म्हणजे दाट असाही अर्थ आहे आणि मेघ असाही. म्हणून शब्द चुकीचा नाही, परंतु त्याचा खुलासा करावा लागतो. आपल्या घरांतून या क्रियेसाठी याहून सोपी वाक्ये आहेत. भाताच्या झाकणाला घाम सुटतो, गार पाण्याच्या तांब्याला घाम येतो, असे आपण म्हणतो. सर तर ‘वाफेचे पाणी होणे’ एवढेच म्हणत. जे वायू आपल्या नेहमीच्या थंडाव्याने द्रवरूप होत नाहीत, ते असंघननीय वायू. हवा हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण. हवेचेही द्रव करता येते, परंतु त्यासाठी वातावरणाच्या दाबाखाली तिला शून्याखाली सुमारे १९० अंशांपर्यंत थंड करावे लागते. गार पाण्याच्या नळीला ते साधणारे नव्हे.

शुद्ध वाफेचा वेग

वातावरणाच्या दाबाखाली एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तर ती सुमारे १६७० घन सेंटिमीटर जागा व्यापते. उलट दिशेने पाहिले, तर एवढ्या वाफेचे पाणी झाल्यावर उरतो तो एक घन सेंटिमीटरचा थेंब. बाकी सारी जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेकडे शेजारची वाफ धाव घेते, तिचेही पाणी होते, आणि पुन्हा जागा मोकळी होते. शुद्ध वाफेला थंड पृष्ठभागाकडे कोणी ढकलावे लागत नाही; तिच्या पाणी होण्यानेच मागच्या वाफेला वाट मिळत असते.

शिवाय प्रत्येक ग्रॅम वाफ पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. आमच्या वेळी तिला ‘सुप्त उष्णता’ म्हणत. उकळत्या पाण्याच्या थेंबापेक्षा वाफेचा चटका अधिक भयंकर असतो, तो या उष्णतेमुळे. शुद्ध वाफेच्या मार्गात एकच अडथळा असतो : आधी झालेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा. पृष्ठभागावरून ओघळणाऱ्या या पापुद्र्यातून उष्णता पलीकडे जावी लागते. विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ साली या पापुद्र्याचे गणित मांडले आणि आजही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आरंभ तेथूनच करतात. परंतु ते गणित शुद्ध वाफेचे आहे. थोडी हवा मिसळली की चित्र पालटते.

दाराशी अडलेली माणसे

आता एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे. नाट्यगृहाच्या दाराशी हजार माणसांची गर्दी लोटली आहे. दार रुंद आहे, द्वारपाल चपळ आहे, तिकीट दाखविले की माणूस आत. या हजारांत पाच माणसांजवळ तिकीट नाही. गर्दीचा रेटा तिकीट असलेल्यांना दाराकडे नेतो, तसाच या पाचांनाही नेतो. तिकीटवाले आत जातात आणि हे पाच जण उंबऱ्यावर उभे राहतात. पुढल्या हजारांबरोबर आणखी पाच येतात. मागे फिरावे तर समोरून येणाऱ्या लोंढ्याविरुद्ध वाट काढावी लागते. गर्दीत त्यांचे प्रमाण शेकडा अर्धाच असते. परंतु उंबऱ्यावर पाहिले, तर तेथे तेच दाटलेले दिसतात. आता तिकीट असलेल्यालाही त्यांच्यामधून अंग चोरून पुढे सरकावे लागते.

थंड पृष्ठभागाशी हवेचे नेमके असेच होते. वाफ पृष्ठभागाकडे वाहते आणि सोबत मिसळलेली हवाही वाहून आणते. वाफेचे पाणी होते. हवा तेथेच सुटते. हळूहळू पृष्ठभागालगत हवेचा एक थर साचतो. त्या थरातील हवा विसरणाने, म्हणजे रेणूंच्या स्वैर हालचालीने, मागे पसरू पाहते, आणि येणारी वाफ तिला पुन्हा पुढे लोटते. या दोन्ही गती समतोल होतात तेव्हा थर स्थिरावतो. नंतर येणाऱ्या प्रत्येक वाफेच्या रेणूला पाणी होण्यासाठी या थरातून विसरणानेच पलीकडे जावे लागते. वाहत जाणे वेगळे आणि विसरणाने पाझरत जाणे वेगळे; दुसरे फार मंद असते.

याला आणखी एक बाजू आहे. जॉन डाल्टन यांनी १८०१ साली मांडलेल्या नियमानुसार मिश्रणातील प्रत्येक वायू आपल्या वाट्याचा दाब देतो; एकूण दाब ही त्यांची बेरीज असते. वाफ कोणत्या तापमानाला पाणी होणार, हे एकूण दाबावर ठरत नाही. ते वाफेच्या वाट्याच्या दाबावर ठरते. एकूण दाब वातावरणाइतका असेल आणि सगळी वाफच असेल, तर ती १०० अंश सेल्सिअसला पाणी होऊ लागते. पृष्ठभागाशी पाचवा हिस्सा हवा असेल, तर सुमारे ९४ अंशांना. अर्धी हवा असेल, तर सुमारे ८२ अंशांना. चार हिस्से हवा आणि एक हिस्सा वाफ असेल, तर सुमारे ६० अंशांना.

समजा, धातूची भिंत ७० अंशांवर राखली आहे. शुद्ध वाफ आणि भिंत यांत ३० अंशांचा उतार आहे. भिंतीशी अर्धी हवा साचली, की तोच उतार साधारण १२ अंशांवर येतो. भिंत तितकीच गार आहे, दूरची वाफ तितकीच उष्ण आहे, आणि तरीही उष्णतेला ओढणारा उतार निम्म्याहूनही कमी झाला. पृष्ठभागाशी हवा चार हिस्से झाली, तर वाफेला त्या भिंतीवर पाणी होण्याचे कारणच उरत नाही. कारण भिंत आता तिच्या दृष्टीने गार राहिलेली नसते.

अमेरिकेतील डोनाल्ड ऑथ्मर यांनी १९२९ साली याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जवळजवळ निश्चल असलेल्या वाफेत शेकडा अर्धा भाग हवा मिसळली, एवढ्यानेच उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे निम्म्यावर आली. दोनशे भागांत एक भाग, आणि काम निम्मे! पुढे १९३४ साली कोलबर्न आणि हाउगेन यांनी अशा मिश्रणांसाठी यंत्राचा आकार कसा काढावा, याची रीत घालून दिली. वाफ पाण्याची असो, मद्यार्काची असो वा शीतगृहातील अमोनियाची असो, सूत्र तेच : हवेचा उपद्रव ती किती आहे यापेक्षा ती कोठे साचते यावर अवलंबून असतो, आणि तिला तेथे आणून साचविणारी वाफच असते.

आमच्या डब्यातील पहिल्या वेळची हवा तर शेकडा अर्धा नव्हे, त्याच्या कितीतरी पट असणार. डब्याच्या थंड पत्र्याला आतून तिचा लेप बसला होता. ‘वेळ का लागला?’ या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

जुन्या इंजिनाचे पडसे

हे गणित विसाव्या शतकातले असले, तरी उपद्रव त्यापूर्वीच कारागिरांच्या अनुभवाला आला होता. १७१२ साली थॉमस न्यूकोमेन यांनी इंग्लंडमध्ये डडलीजवळ कोळशाच्या खाणीतील पाणी उपसण्यासाठी आपले वाफेचे इंजिन उभे केले. मोठ्या नळकांड्यात वाफ भरावयाची, आत गार पाण्याची चिळकांडी सोडून तिचे पाणी करावयाचे, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ओढून घ्यावयाचा, अशी ती रचना होती. म्हणजे आमच्या डब्याचाच प्रयोग, फक्त न चिरडणाऱ्या नळकांड्यात आणि पुनःपुन्हा केलेला.

परंतु गार पाण्यात हवा विरघळलेली असते. ती दर फेरीला थोडी थोडी आत सुटे आणि साचत जाई. काही फेऱ्यांनंतर इंजिन गुदमरून थांबे. त्यावर उपाय म्हणून नळकांड्याला एक छोटी झडप ठेवण्यात आली. नवी वाफ आत आली की ती साचलेली हवा या झडपेतून बाहेर हुसकी. त्या वेळी होणारा आवाज पडसे झालेल्या माणसाने नाक ओढावे तसा असे, म्हणून इंग्रजीत त्या झडपेचे नावच ‘स्निफ्टिंग व्हॉल्व्ह’ पडले. भाषा कोठून कसे शब्द उचलते, याचे हे गमतीदार उदाहरण.

ग्लासगो विद्यापीठातील याच इंजिनाची एक प्रतिकृती १७६३-६४ च्या सुमारास दुरुस्तीसाठी जेम्स वॉट यांच्या हाती आली. तिच्यात वाफ फार वाया जाते हे त्यांनी ओळखले, आणि १७६५ साली त्यांना वेगळ्या संघनकाची कल्पना सुचली : नळकांडे उष्णच ठेवावे आणि वाफेचे पाणी शेजारच्या थंड पात्रात करावे. हे सर्वश्रुत आहे. तितकेसे सांगितले जात नाही ते असे की, त्या थंड पात्राला वॉट यांनी हवेचा पंप जोडला. १७६९ च्या त्यांच्या एकस्वाच्या मसुद्यात संघनकाच्या थंडाव्याने जी हवा किंवा जे वायू द्रवरूप होत नाहीत, ते पंपाने ओढून काढावेत, असे स्वतंत्र कलमच आहे. आमच्या पुस्तिकेतील त्या कुलूपबंद वाक्याचे मूळ इतके जुने निघाले! त्या पंपासाठी इंजिनाच्या शक्तीचा काही हिस्सा खर्ची पडे. तरीही वॉट यांनी तो केला. कारण हवा न काढली, तर वेगळ्या संघनकाचा लाभच हाती लागला नसता.

कारखान्यातील नळी

आपल्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत आणि या सभागृहातील कित्येकांच्या घरची चूल त्यांच्यावर पेटली आहे. उसाच्या रसातील पाणी आटविण्यासाठी तेथे एकापुढे एक अशी बंद पात्रे असतात. पहिल्या पात्रातील रस वाफेने उकळतो. त्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या पात्राला तापविते, तिची तिसऱ्याला. एकाच इंधनाकडून अनेकदा काम करून घेण्याची ही युक्ती न्यू ऑर्लिन्स येथील नॉर्बर्ट रिल्यू यांची. त्यांचे एकस्व १८४३ चे. शेवटच्या पात्रांत दाब वातावरणाहून खूप कमी ठेवतात, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही.

परंतु दाब कमी म्हणजे बाहेरची हवा प्रत्येक सांध्यातून आत घुसावयास टपलेली. शिवाय रसातूनही वायू सुटतात, त्यांत थोडा अमोनिया असतो. म्हणून वाफ जेथे नळ्यांना तापविते, तेथून हे वायू काढून घेणाऱ्या बारीक नळ्या बसवितात. साखर उद्योगाच्या परिभाषेत त्यांना अमोनियाच्या नळ्या म्हणण्याचा प्रघात पडला. या नळ्यांची तोटी बंद राहिली, तर रस आटेनासा होतो. नवख्याला प्रथम सुचते ते वाफेचा दाब वाढविणे, किंवा संघनक असेल तर गार पाणी वाढविणे. त्याने थोडाफार फरक पडतो. परंतु मूळ दुखणे थंडाव्याच्या अभावाचे नसते, अडलेल्या वाटेचे असते. जोराने ओढलेली वाफ आणखी हवा आणून त्याच थरात भर घालते.

औष्णिक वीज केंद्रातही हेच आहे. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ ज्या संघनकात जाते, तेथील दाब वातावरणाच्या साधारण एक-दशांश असतो. तेथे वाफ ४५ अंशांच्या आसपास पाणी होते. हवा साचली तर हा दाब वाढतो, आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी निघते. म्हणून हवा खेचणारी यंत्रणा तेथे अहोरात्र चालू असते.

हवा काढण्यातही विवेक लागतो. हवेबरोबर थोडी वाफ जाणारच. ती कमीत कमी जावी, म्हणून हवेची वाट संघनकातील सर्वांत गार जागी ठेवतात. मिश्रण जितके गार, तितका त्यातील वाफेचा वाटा कमी. ‘अविरत निष्कासन’ या दोन शब्दांत एवढे सारे दडलेले होते. त्या पुस्तिकेत मग आम्ही लिहिले : ‘हवा नळ्यांजवळ साचते आणि वाफेला नळ्यांपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून हवा काढण्याची तोटी कधीही पूर्ण बंद करू नये.’ एका वाक्याची दोन वाक्ये झाली, परंतु दुसऱ्या वाक्याला आता कारण मिळाले होते.

दाबमापक खरे बोलते, तरीही

येथवर प्रश्न कोळशाचा आणि साखरेचा होता. आता अधिक गंभीर ठिकाणी येतो. शस्त्रक्रियेची उपकरणे आणि कपडे निर्जंतुक करण्याचे वाफेचे यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, चार्ल्स शांबरलँ यांनी १८७९ मध्ये तयार केले. बंद पात्रात १५ पौंड दाबाची शुद्ध वाफ असेल, तर तिचे तापमान १२१ अंश असते आणि त्या उष्णतेत १५ मिनिटे ठेवल्यास चिवट जंतुबीजेही मरतात. परंतु आतली हवा काढलीच नसेल, तर दाबमापकाचा काटा १५ पौंड दाखवीत असतानाही तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. अर्धी हवा काढली असेल, तर सुमारे ११२. काटा खोटे बोलत नाही. तो एकूण दाब सांगतो; त्यातला वाफेचा वाटा किती, हे त्याला ठाऊक नसते.

येथे वाफ नुसती उष्ण असून भागत नाही. ती वस्तूला भिडून तिच्यावर पाणी झाली पाहिजे, तरच आपली सुप्त उष्णता त्या वस्तूला देते. कपड्यांच्या गाठोड्यात मध्यभागी हवा अडकली, तर बाहेरचे पदर निर्जंतुक होतात आणि आतला तसाच राहतो. हवा वाफेहून जड असल्याने साध्या यंत्रात वाफ वरून सोडतात आणि हवा तळाच्या वाटेने बाहेर घालवितात. मोठ्या यंत्रांत पंपाने आधीच हवा ओढून घेतात. ती नीट निघाली की नाही हे पाहण्याची बोवी-डिक चाचणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, आमच्या डब्याच्या आदल्याच वर्षी. टॉवेलांच्या घडीच्या मधोमध, वाफेने रंग बदलणाऱ्या पट्टीची फुली चिकटवून ठेवावयाची. पट्टी सर्वत्र सारखी काळवंडली, तर हवा निघाली; मधला भाग फिका राहिला, तर तेथे हवा दडून बसली होती.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम करून निवृत्त झाली. तिला मी हे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, रोज सकाळी पहिले काम तेच असायचे. पट्टी मध्ये फिकी दिसली, की त्या यंत्रात त्या दिवशी काही ठेवायचे नाही. डॉक्टर बाहेर थांबले असले तरी नाही.’ वर्गात ज्यावर आम्ही हसलो, त्या उरलेल्या हवेपासून रुग्णाला वाचविण्यासाठी तिने रोज सकाळी हा नियम पाळला होता.

आणि हेच तत्त्व प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. कुकरमधून वाफ जोराने येऊ लागल्यावरच शिट्टी ठेवावी, असे सांगतात, ते उगाच नव्हे. आधी ठेवली, तर पहिल्या शिट्टीला आतला दाब पुरा असतो, पण तो सर्वस्वी वाफेचा नसतो; म्हणून तापमान अपेक्षेहून कमी राहते. पुढच्या शिट्ट्यांबरोबर हवा निघून जाते आणि काम भागते, एवढेच.

सरांना सांगावयाचे ते

साहित्याचा माणूस असल्यामुळे या वाफेत आणि हवेत मला रूपके दिसू लागतात. तो मोह आज आवरतो. हवेला दोष देण्याचेही कारण नाही. माणसाला श्वासासाठी तीच लागते, आणि रात्री गवतावर दव हळूहळू धरते, तेही वाफेच्या भोवती प्रचंड हवा असल्यामुळेच. हवा वाईट नाही. बंद पात्रात, थंड भिंतीशी, तिला वाट नसताना ती अडसर होते.

सर आज असते, तर त्यांच्याच भाषेत मी एवढेच सांगितले असते : ‘सर, वाफ पत्र्याकडे धावताना हवेलाही सोबत घेऊन गेली. वाफेचे पाणी झाले, हवा दाराशीच उभी राहिली. मागून आलेल्या वाफेला तिच्यातून वाट काढत जावे लागले, म्हणून वेळ लागला. तुम्ही पाच मिनिटे वाफ वाहू दिलीत, ती दार मोकळे करण्यासाठीच होती.’

तो प्रश्न विचारणारा मित्रही आज हयात नाही. मात्र त्याचा प्रश्न आणि सरांचे ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर, दोन्ही मला साठ वर्षे पुरले. सरांनी त्या दिवशी वेळ मारून नेणारे एखादे उत्तर दिले असते, तर ते आम्ही वहीत उतरवून घेतले असते, परीक्षेत लिहिले असते आणि विसरलो असतो. त्या पुस्तिकेतील वाक्यापाशी मी थांबलोच नसतो.

येथील शिक्षक मंडळींना माझी एकच विनंती आहे. डबा, स्टोव्ह आणि पेलाभर पाणी यांना फार खर्च येत नाही. हा प्रयोग वर्गात दोनदा करावा : एकदा घाईने झाकण लावून आणि एकदा वाफ पुरती वाहू देऊन, दोन्ही वेळा स्टोव्ह आधी विझवून. मग मुलांना मराठीतून विचारावे, की दुसऱ्या वेळी इतक्या लवकर का झाले. उत्तर लगेच सांगू नये.